हवापालट

धोंडीराम कासुर्डेनं कोयत्यानं खोडाला खाच पाडली,
बोट लावून पाहिलं.
कोरडं.
"चीक येईना. आतनं गेलंय," म्हणाला, आणि कोयता पुसला.
वर सुया अजून अर्ध्या हिरव्या होत्या.

पण शाळेला कागद लागतो.
झाड पाडायचं तर नगरपालिकेला अर्ज, अर्जाला कारण.
म्हणून मेहरू टीचरनी सालीखालच्या लाकडाचे कपटे
टिश्यूत गुंडाळून नरसाळ्यात ठेवले, वर पाणी,
खाली रबरी नळी, नळीला चिमटा.
नळी मी कापून दिली, जुन्या बर्नरची.
चोवीस वर्षं या प्रयोगशाळेत आहे.
बेडकं धरली, गंधकाचा वास अंगावर घरी नेला,
पण रात्रभर झाडाच्या उशाशी बसल्यासारखं
कधी वाटलं नव्हतं.

सकाळी चिमटा सैल केला. एक थेंब.
काचेखाली तो थेंब वळवळत होता.
रंग नाही, डोळे नाहीत,
लांबी खसखशीच्या दाण्याएवढी,
जाडी विचारूच नका.
"तोंडात बघ, सुई आहे," टीचर म्हणाल्या.
मला दिसली नाही. हो म्हणालो.

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं.
सुट्टी होती, वर्गात मी एकटाच.
राळेच्या नळ्या, नळ्यांना पेशींचं अस्तर,
पेशींच्या भिंती पातळ, पापडासारख्या.
तो सुई टोचतो, आतलं पिऊन घेतो,
पुढच्या पेशीकडे सरकतो.
भिंत जागच्या जागी. आत कुणी नाही.

"एवढ्याशानं पन्नास फुटांचं झाड मरतं?"

खडू झटकत त्या म्हणाल्या,
"तो घोटच घेतो रे. बाकीचं झाड स्वतःच करतं."
भ्यालेल्या पेशी भलतंसलतं पाझरू लागतात,
त्याच्यासाठी काढलेलं विष शेजारणीच्या अंगावर,
शेजारीण तिच्या शेजारणीवर.
आणि मुळापासून शेंड्यापर्यंत ताणलेली
पाण्याची जी दोरी असते, केसाहून बारीक,
तीत एक बुडबुडा शिरतो.
दोरी तुटते.
वरचं ओढतंच राहतं, खालचं देतंच राहतं,
मध्ये हवा.

हवा.
मी बाकावर बसलो.

पाचगणीत माणसं हवेसाठीच यायची.
वडील सॅनेटोरियमात वॉर्डबॉय, खिंगरहून चालत जायचे.
पहाटे एकेक पलंग व्हरांड्यात ओढायचे
आणि म्हणायचे, "घ्या साहेब, ओढून घ्या, फुकट आहे."
त्यातला एक बरा झाला.
नाव त्यांना शेवटी आठवत नव्हतं,
'तो कापडवाल्यांचा थोरला' एवढंच.
त्यानं जाताना डालड्याच्या डब्यातलं रोप इथं लावलं,
शाळेचं कुंपण तेव्हा अलीकडे होतं.
रोज एक तांब्या घाल, असं वडिलांना सांगून
बसमध्ये चढला, मागे वळून दोन्ही हातांनी
छाती थोपटून दाखवली.
वडील हे सांगताना स्वतःची थोपटायचे.

ज्याची छाती हवेनं भरली
त्याचं झाड हवेनंच—
मी वाक्य तसंच सोडलं. टीचर फळा पुसत राहिल्या.

अर्जात कारण लिहिलं: सूत्रकृमी.
थेंब उकळत्या पाण्यात ओतला,
नरसाळं धुऊन पालथं घातलं.

ओंडके कुणी न्यायचे नाहीत, इथंच जाळायचे, असं ठरलं.
दांडेघरच्या दोघी बायका सरपणाला आल्या होत्या,
त्यांना परत पाठवताना धोंडीरामला बरं वाटलं नाही.
मला वाटलं, पाइन आहे, राळेचा वास येईल,
म्हणून मुद्दाम वाऱ्याच्या तोंडी उभा राहिलो.

नुसता धूर.
खोकला आला तेव्हा धोंडीराम ओरडला,
"वाऱ्याला पाठ कर की!"
मी छातीवर हात ठेवला, आणि थोडा वेळ
तसाच उभा राहिलो.